मोरीमागची ब्लॅक ब्युटी

तुमच्या मोरीमागे एक इंटरनॅशनल सेलिब्रिटी राहते, माहीत आहे का?

काळपट देठ, ढालीएवढं पान, पाय बारा महिने ओलीत. भाडं देत नाही, खत मागत नाही, भांडी घासलेल्या पाण्यावर मजेत जगते. आणि आपण तिला ओळखतो ते ‘जा रे, वडीपुरती आठ पानं काढून आण’ एवढ्याच कामासाठी. काळं अळू! युरोप-अमेरिकेतल्या नर्सऱ्यांमध्ये याच घराण्यातली एक काळ्या पानांची मंडळी ‘ब्लॅक मॅजिक’ नावाने कुंडीत बसून मिरवते. थंडी पडली की तिकडचे हौशी लोक तिला उचलून घरात घेतात, कंद कोरड्या भुशात झोपवतात आणि उन्हाळ्याची वाट बघत बसतात. आमच्या पोलादपुरात तिला उपटून बांधावर फेकली, तर ती बांधावर रुजते.

तर मंडळी, आजचा शो अळवाचा. स्टेज महाड-पोलादपूर. लायटिंग ढगाळ. साऊंड इफेक्ट पत्र्यावरच्या पावसाचा.

पाण्याचा हिशेब आधी उरकून टाकू. महाबळेश्वरच्या एकाच देवळात पाच नद्यांचा उगम मानतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातल्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा देशाकडे जातात. सावित्री मात्र कोकणात उडी टाकते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्र गाठते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला किती पाऊस झाला, माहीत आहे का? ५९४ मिलिमीटर! पुण्यात जवळपास एवढा पाऊस पडायला अख्खा पावसाळा लागतो. ते पाणी खाली उतरल्यावर महाडच्या बाजारपेठेचं काय झालं, ते महाडकरांना सांगायला नको. त्यावर विनोद नाही.

पण पूर ओसरल्यावर आमच्या परसातल्या गाळातून पहिलं डोकं कोणी वर काढलं असेल? बरोबर. बाईसाहेबांनी.

त्यांचं गुपित देठात आहे. अळवाचा जाडसर देठ सुरीने आडवा कापा आणि उजेडाकडे धरा. आत भरीव काही नाही, नुसता स्पंज! बारीक बारीक भोकांची जाळी, आणि प्रत्येक भोक म्हणजे हवेची नळी. पानाने घेतलेली हवा या नळ्यांमधून थेट चिखलातल्या मुळापर्यंत जाते. पोहणाऱ्याच्या तोंडात स्नॉर्केल असतो ना, तसा हा बिल्ट-इन स्नॉर्केल. भाताचीही हीच युक्ती. म्हणून दोघं एकाच खाचरात गुडघाभर पाण्यात उभे राहू शकतात आणि शेजारची मिरची दोन दिवसांत मान टाकते.

महाड आणि पाणी म्हटलं की २० मार्च १९२७ आणि चवदार तळं आठवतंच. ज्या पाण्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, ते पाणी माणसांनी प्यावं यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या गावात उभं राहून पाण्याविषयी हलकंफुलकं लिहिताना लेखणी क्षणभर थांबते. थांबू दे.

चला, पुढे.

‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला असेल. पण पाणी अळवावर ठरत का नाही, माहीत आहे का? पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर. थेंब टेकतो तो त्या टोकांवर, खाली सगळी हवा. त्यामुळे तो पसरतच नाही, पाऱ्यासारखा गोल राहून घरंगळतो आणि जाता जाता धूळही उचलून नेतो. सेल्फ-क्लीनिंग! विल्हेल्म बार्टलोट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये सहकाऱ्यासोबत ही किमया जगापुढे मांडली. तिला नाव मिळालं ‘लोटस इफेक्ट’. त्यांनी तपासलेल्या पानांमध्ये आपलं अळूही होतं. पण पोस्टरवर फोटो कमळाचा! दोन वर्षांत, १९९९ मध्ये, या तत्त्वावरचा भिंतीचा रंगसुद्धा बाजारात आला. आपण मात्र इतकी शतकं तेच दृश्य बघून ‘संसार असाच क्षणभंगुर’ म्हणत हात जोडत बसलो. पेंट कंपनी काढायची राहूनच गेली.

गंमत अजून संपली नाही. ‘कोलोकेशिया’ हा शब्द ज्या जुन्या ग्रीक शब्दावरून आला, तो मुळात कमळाच्या कंदासाठी वापरत असत. पुढे तो अळवाला चिकटला. म्हणजे कमळाने अळवाला नाव उसनं दिलं आणि अळवाचं श्रेय परत घेतलं. फिट्टंफाट!

पहाटे उठता का? उठत असाल तर पाऊस नसलेल्या सकाळी अळवाच्या पानाचं टोक बघा. टोकाशी एक टपोरा थेंब लटकलेला दिसेल. बोटाने टिपलात तर थोड्या वेळात दुसरा हजर. हे दव नव्हे बरं! रात्रभर मुळांनी जास्तीचं ओढलेलं पाणी झाड टोकाच्या छिद्रांतून बाहेर सोडतं. वरून पडलेलं पाणी अंगाला लावून घेत नाही आणि आतलं पाणी मात्र टपाटप गाळतं. स्वभाव म्हणतात तो हा.

आता खाजगी विषय. म्हणजे खाजेचा.

अळू घशाला खवखवतं, कारण त्याच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. उपमा नाही, खरोखरच्या सुया! दोन्ही टोकांना अणकुचीदार, जुडी बांधून ठेवलेल्या. पान चावलं, चिरलं की पेशी फुटते आणि जुडी सुटते. शास्त्रज्ञांना पुढे असंही आढळलं की नुसती सुई एवढा त्रास देत नाही, तिच्यासोबतची प्रोटीनं आग लावतात. म्हणून नीट शिजवणं महत्त्वाचं आणि चिंच, आमसूल, आंबट चुका यांपैकी कोणीतरी सोबत हवंच. आमच्या आत्याला यातलं ऑक्झलेट वगैरे काही ठाऊक नाही. ती चिरायला बसण्याआधी विचारते, “हाताला खोबरेल लावलंस का? मग रडू नकोस.” नियम एकच, भाषा दोन. (मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र दुसऱ्या वाटीआधी डॉक्टरांना विचारावं.)

काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं भाजीला ही विभागणी आपल्याकडे पोरांनाही पाठ असते. काळं रूप येतं अँथोसायनिनमुळे. जांभळं, करवंद, काळी द्राक्षं यांचा मेकअपही याच कंपनीचा. वडीच्या पानाला थोडा जाडपणा लागतो. बेसन थापून, गुंडाळी करून, वाफवून, वर तेलात टाकेपर्यंत टिकायचं म्हणजे काय खायचं काम आहे? खायचं काम आपलं!

एक कोडं. अळू झाडावर लागतं की जमिनीत?

दोन्ही उत्तरं बरोबर! सह्याद्रीत ‘अळू’ नावाचं एक काटेरी झाडही आहे आणि त्याला गोल फळं लागतात, ती खातात. त्याचा आपल्या मोरीवालीशी काडीचा संबंध नाही, नुसतं नाव सारखं. आणि बटाटा भारतात येण्याआधीपासून संस्कृतात ‘आलु’ म्हणजे खायचा कंद. पोर्तुगिजांसोबत बटाटा आला, हिंदीवाल्यांनी जुनं नाव नव्या पाहुण्याला देऊन टाकलं. मराठीने ‘बटाटा’ वेगळा ठेवला आणि अळवाचं अळू राहिलं. मराठी माणूस नावाबाबत काटेकोर, बाकी काही म्हणा.

रुखाळू खाल्लंय? हे अळवाचं घाटातलं भावंड. जमिनीवर राहायला नको म्हणतं. पावसाळ्यात झाडाच्या खोडावर, शेवाळात, फांदीच्या बेचक्यात उगवतं. तिथे पोचतं कसं? त्याला बारीक बारीक कळ्यांसारखी पिल्लं येतात आणि प्रत्येकाला आकडे असतात. पक्ष्याच्या पिसाला, जनावराच्या केसाला अडकायचं, फुकट प्रवास करायचा, मनाजोगी फांदी आली की उतरायचं. इंग्रजीत त्याचं नावच ‘हिचहायकर’. आंबेनळी घाटात हात दाखवून उभे राहणारे खूप पाहिलेत, पण तिकीट न काढता थेट वरच्या मजल्यावर राहायला जाणारा हाच.

आणि शेवळं! जूनमध्ये बाजारात कातकरी बाया जुड्या घेऊन बसतात तीच ती, काळसर-जांभळी. तीही याच कुळातली, आणि त्यांची खाज मारायला काकडं लागतात. शेवळाच्या वंशात जगातला एक रेकॉर्डवीर आहे. सुमात्राचा टायटन अरम. त्याचा फुलोरा दहा फुटांच्या घरात जातो आणि वास सडक्या मांसाचा. दिवाळीतला सुरणही याच वंशातला. फॅमिली फोटो काढायचा तर वाइड अँगल लागेल.

हुश्श. आता मुख्य आकर्षण. अळवाला फूल येतं, माहीत आहे का?

दहातले नऊ जण ‘छे!’ म्हणतील. वर्षानुवर्षं अळू लावणाऱ्या घरांतही ते पाहिलेलं नसतं. एक तर आपण पानं सारखी काढतो. दुसरं म्हणजे लागवडीच्या कित्येक जाती फुलायलाच कंटाळा करतात. इतका की संशोधकांना बियाणं हवं असलं तर जिबरेलिक ॲसिड देऊन त्यांना फुलवावं लागतं. पण ओढ्याकाठचं रानटी अळू, ज्याला कोकणात तेरं म्हणतात, किंवा मोरीमागे कोणी हात न लावलेलं जुनं झाड बघा. पावसाळा उतरणीला लागला, गौरी-गणपती परतले, की पानांच्या बगलेत एक लांबट, पिवळसर गुंडाळी दिसते. कोणी फिकट पिवळ्या कागदाचा कोन वळून ठेवावा तशी. 

गुंडाळी थोडी उलगडली की आत एक दांडी दिसते. तळाशी स्त्रीफुलं, वर पुरुषफुलं, मधे अरुंद कंबर. फुलताना दांडी चक्क गरम होते! थर्मामीटरला कळेल इतकी. गरम झाली की गोडसर, पिकल्या फळासारखा वास सुटतो आणि मग येतात पाहुणे. कोलोकेशिओमाया नावाच्या चिमुकल्या माशा. आधी स्त्रीफुलं तयार होतात, माशा तळाशी उतरतात, दुसरीकडून आणलेले परागकण तिथे पडतात. नंतर वरची पुरुषफुलं पराग सोडतात, माशा पिठात लोळल्यासारख्या माखून निघतात आणि पुढचं फूल गाठतात.

पण खरी मजा इथे आहे. या माशांच्या दोन जाती एकाच फुलोऱ्यात बिऱ्हाड करतात. एकीची पोरं खालच्या स्त्रीफुलांच्या भागात वाढतात, दुसरीची वरच्या पुरुषफुलांच्या भागात. दोन मजली लॉज! वरचा मजला एकाचा, खालचा दुसऱ्याचा, भांडण नाही, मेंटेनन्सही नाही. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीने अभ्यासदौरा काढावा.

आणि एवढं करूनही लागवडीच्या अळवाचा वंश बहुतेक बियांनी वाढतच नाही. काही जातींमध्ये गुणसूत्रांचे दोन संच असतात, २८. काहींमध्ये तीन, ४२. तीनवाल्यांना बी धरणं अवघड. मग वंश कसा चालतो? पिल्लांनी. मूळ कंदाच्या कुशीतून फुटणाऱ्या कोंबांना आपण पिल्लं म्हणतो, हे लक्षात ठेवा. कारण आता आपण विमानाने हवाईला निघालो आहोत.

हवाई बेटांवर अळवाला काय म्हणतात? ‘कालो’! काळं-कालो, योगायोग आहे पण झकास आहे. तिथे पिल्लाला म्हणतात ‘ओहा’, आणि त्यावरून कुटुंबाला ‘ओहाना’. ‘लिलो अँड स्टिच’ हा २००२ चा सिनेमा पाहिला असेल तर हा शब्द कानात असेलच. एका कंदाची पिल्लं म्हणजे एक घर. तिथली कथा अशी की देवकुळातलं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं, तिथून अळू उगवलं. दुसरं मूल झालं ते माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर भांडू नये असा संकेत.

म्हणूनच २००२ मध्ये हवाई विद्यापीठाने अळवाच्या तीन जातींवर पेटंट घेतलं, तेव्हा लोक खवळले. थोरल्या भावावर पेटंट? २००६ मध्ये विद्यापीठाने ती सोडून दिली आणि पेटंटच्या कागदांच्या प्रती जाहीरपणे टराटरा फाडल्या गेल्या.

हवाईत कंद कुटून ‘पोई’ नावाचा लगदा करतात आणि त्याचा दाटपणा बोटांनी मोजतात. घट्ट असेल तर एक बोट पुरे, मध्यम असेल तर दोन, सैल असेल तर तीन. आपल्या पंगतीतल्या अळवाच्या फदफद्याला हे माप लावलं तर? आमच्याकडचं निदान पाच बोटांचं, आणि शेवटी द्रोण तोंडाला!

जगाची फेरी एका दमात: नायजेरिया अळकुड्यांच्या उत्पादनात आघाडीवर. सायप्रसमध्ये ‘कोलोकासी’. तैवानी बबल टीमधला तो जांभळट फ्लेवरही हाच, ‘टारो’. फ्लोरिडात मात्र तो पाणथळींत घुसखोर ठरलाय. पापुआ न्यू गिनीच्या कुक दलदलीतल्या दगडी हत्यारांवर अळवाच्या स्टार्चचे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे कण सापडले. ती जागा २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पूर्वजांनी एवढ्या खाजऱ्या कंदाला पहिल्यांदा तोंड लावलं कसं, हा प्रश्न विचारू नका. दुसऱ्यांदा कसं लावलं, हा खरा प्रश्न!

बरं, लावायचं कसं? हा परिच्छेद छोटा आहे, कारण काम छोटं आहे. मे अखेर किंवा पहिल्या पावसात पिल्लं हात-दीड हाताच्या अंतराने शेणखत घालून लावा. अर्धी सावली चालेल, कोरडी जागा नाही. महाड-पोलादपुरात पावसाळ्याचं काम वरून होतं, उन्हाळ्यात मोरीचं पाणी वळवा. साबणाचा फेस जरा लांब ठेवा. दीड-दोन महिन्यांत पानं सुरू. बाहेरची काढा, मधली दोन-तीन राहू द्या, कोंब तर मुळीच नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी ‘कोकण हरितपर्णी’ नावाची जात दिली आहे. नावावरूनच कळतं, ती हिरव्या पार्टीची. काळ्याचे आम्ही निष्ठावंत.

शत्रू दोन. पहिला करपा. श्रावणातल्या संततधारेत पानावर ओलसर तपकिरी ठिपके पडतात आणि बघता बघता पान जळाल्यासारखं होतं. हा फायटोफ्थोरा कोलोकेसी. १९०० मध्ये जावात त्याची नोंद झाली आणि १९९३ मध्ये त्याने सामोआ देशाचा अळवाचा निर्यातधंदाच झोपवला, कारण जवळपास सगळ्यांनी एकाच जातीची लागवड केली होती. तुमच्या परसात दोन-तीन वेगवेगळी अळवं असू द्या, आणि ठिपक्याचं पान दिसताच काढून लांब टाका.

दुसरा शत्रू म्हणजे अळवावरची अळी. शब्दखेळ आमचा नाही, निसर्गाचा! त्यातली एक जाडजूड, शेपटीला शिंग असलेली आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली. पक्ष्याला वाटावं साप बघतोय. तिचा पुढे रुबाबदार हॉक मॉथ होतो. वडीसाठी पान धुताना मागची बाजू नीट बघा, नाहीतर वडी नॉनव्हेज होईल. तसंही सोडे घातलेल्या अळवाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

ऋषीच्या भाजीत अळू लागतंच, हे माहीत असेल. का, तेही माहीत आहे का? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगर न लागलेलं तेवढं चालतं. नांगर सोडा, अळवाला बऱ्याचदा कुदळसुद्धा दिसलेली नसते.

तेव्हा या वर्षी एक करा. मोरीमागच्या दोन झाडांची पानं गणपतीनंतर काढू नका. रोज सकाळी पानांच्या बगलेत डोकवा, टोकाचा थेंब टिपा, पिवळी गुंडाळी दिसते का बघा. दिसली तर वास घ्या, फोटो काढा, शेजाऱ्यांना बोलवा. फूल मात्र तोडू नका. दोन्ही मजल्यांवर भाडेकरू आहेत.